नारळाच्या बागा सांभाळणारा गोव्याचा पोरगा बुद्ध शोधत नेपाळ, लंकेपर्यंत गेला आणि पालीतला बुद्ध मराठीत आणला

आज पुसदपासून नागपूरपर्यंत विदर्भात कुठंही गेलं तरी बुद्धविहार दिसतो आणि बुद्धावरची मराठी पुस्तकं सहज मिळतात. सव्वाशे वर्षांपूर्वी मात्र असं नव्हतं. मराठीत बुद्धाबद्दल वाचायचं म्हटलं तर हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी पुस्तकं होती. मूळ पाली ग्रंथ वाचू शकणारा माणूस तर विरळाच.

ही उणीव भरून काढायला एका माणसानं अख्खं आयुष्य दिलं. त्यांचं नाव धर्मानंद कोसंबी.

९ ऑक्टोबर १८७६ रोजी गोव्यातल्या साखवाळ गावी त्यांचा जन्म झाला. तेव्हा गोव्यात पोर्तुगीजांचं राज्य होतं. शाळा फारशी झालीच नाही. घरच्या नारळाच्या बागा बघायच्या आणि मिळेल ते मराठी पुस्तक वाचायचं, असा दिनक्रम. १८९१ मध्ये बाळाबाईंशी लग्न झालं.

अशात 'बालबोधमेवा' या मासिकात त्यांनी बुद्धाची गोष्ट वाचली आणि तिनं त्यांना झपाटलं. हा माणूस नेमकं काय सांगून गेला ते मुळातून समजून घ्यायचंच, असं त्यांनी ठरवलं. १८९९ संपता संपता त्यांनी घर सोडलं. मागं बायको आणि काही महिन्यांची मुलगी माणिक. त्यांच्या या ध्यासाची किंमत आधी बाळाबाईंनी मोजली, हे विसरून चालत नाही.

आधी पुणं, मग काशी. काशीत अन्नछत्रात जेवून ते संस्कृत शिकले. १९०२ मध्ये ते नेपाळला निघाले. बुद्धाचा जन्म हिमालयाच्या पायथ्याशी झाला, तेव्हा बौद्ध धर्म तिथं टिकून असेल, अशी त्यांची आशा होती. काठमांडूत नेवार समाजाची जुनी बौद्ध परंपरा होतीही. पण ती संस्कृत ग्रंथांची आणि वज्राचार्यांच्या पूजाविधींची. कोसंबींना हवी होती पाली त्रिपिटकाची शिकवण. ती न मिळाल्यानं ते निराश होऊन परतले.

बोधगयेला आल्यावर कळलं की त्यासाठी लंकेला जायला हवं. त्याच वर्षी ते कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात पोचले. तिथं सुमंगल महास्थविरांकडून श्रामणेर दीक्षा घेतली आणि पालीचा अभ्यास सुरू केला. पुढं ब्रह्मदेशातही राहिले. ज्या माणसाची शाळा धड झाली नव्हती, तो आता त्रिपिटक मुळातून वाचत होता.

१९०६ मध्ये त्यांनी कलकत्त्यात चीवर उतरवलं आणि पाली शिकवायला सुरुवात केली. आता घरसंसारही पुन्हा सुरू झाला. १९०७ मध्ये मुलगा झाला, दामोदर. हेच पुढचे नामवंत गणितज्ञ आणि इतिहासकार डी. डी. कोसंबी.

कलकत्ता विद्यापीठात चांगली नोकरी होती. तेवढ्यात बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी महिना ५० रुपये देऊ केले. अट एकच, महाराष्ट्रात राहून पुस्तकं लिहायची. कलकत्त्याच्या पगारापुढं ही रक्कम अगदीच लहान होती. तरी कोसंबींनी तीच निवडली, कारण हे ज्ञान मराठीत न्यायचं हाच तर सगळ्या पायपिटीचा उद्देश होता. 'बुद्ध, धर्म आणि संघ', 'बुद्धलीलासारसंग्रह', 'भगवान बुद्ध' अशी पुस्तकं पुढं येत गेली.

१९१० मध्ये थेट अमेरिकेतून बोलावणं आलं. पाचव्या शतकातल्या बुद्धघोषाच्या 'विसुद्धिमग्ग' या पाली ग्रंथाचं संपादन हेन्री क्लार्क वॉरन यांनी हाती घेतलं होतं. पण १८९९ मध्येच त्यांचं निधन झालं. हार्वर्डला ते काम पुरं करणारा माणूस हवा होता. कोसंबी गेले, पण श्रेयाच्या मुद्द्यावर प्राध्यापक लॅनमन यांच्याशी बिनसलं आणि १९१२ मध्ये ते परतले. काम मात्र सोडलं नाही. त्यासाठी ते पुन्हा पुन्हा अमेरिकेला गेले. १९१८ च्या फेरीत माणिक आणि दामोदरही सोबत होते.

मधल्या काळात पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात त्यांनी पाली शिकवली. पु. वि. बापटांसारखे अभ्यासक तिथंच घडले. पुढं गुजरात विद्यापीठ झालं, रशियातलं लेनिनग्राड झालं, १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगवासही झाला. १९३७ मध्ये मुंबईत परळच्या कामगार वस्तीत त्यांनी बहुजन विहार उभा केला. धम्म विद्वानांपुरता राहू नये, म्हणून.

१९४० च्या सुमारास 'भगवान बुद्ध' नागपुरातून छापून आलं. म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून सिद्धार्थानं घर सोडलं, ही कथा त्यांनी नाकारली. शाक्य आणि कोलीय यांच्यातला रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटा हे त्यांनी गृहत्यागामागचं मोठं कारण मानलं. पुढं बाबासाहेबांच्या 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथातही रोहिणीच्या तंट्याला मध्यवर्ती जागा मिळाली.

अखेरीस शरीर आजारांनी थकलं. हातून आणखी काम होणार नाही, असं वाटल्यावर त्यांनी अन्नत्याग करायचं ठरवलं. १९४६ मध्ये गांधीजींच्या आग्रहावरून ते थांबले. पण पुढच्या वर्षी यवतमाळच्या शेजारी, वर्धा जिल्ह्यातल्या सेवाग्राम आश्रमात त्यांनी पुन्हा अन्न सोडलं. ४ जून १९४७ रोजी त्यांचं निधन झालं.

हार्वर्डचा 'विसुद्धिमग्ग' अखेर १९५० मध्ये छापला गेला. त्यावर वॉरन यांच्यासोबत कोसंबींचंही नाव होतं. ज्या श्रेयासाठी १९१२ मध्ये वाद झाला, ते मिळालं तेव्हा ते हयात नव्हते.

मराठीतलं काम मात्र वेळेवर पोचलं. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांसोबत लाखोंनी धम्मदीक्षा घेतली. हा बुद्ध कोण, हे वाचून समजून घ्यायची ओढ त्यानंतर विदर्भात घरोघरी लागली. तेव्हा थेट पालीतून मराठीत आलेली कोसंबींची पुस्तकं हाताशी तयार होती.