पंडिता रमाबाई : मुक्तीच्या वाटेवरील पुराणिककन्या

चैत्र वद्य पक्षात तेर येथे श्रीसंत गोरोबाकाकांची यात्रा भरते आणि तेरणेचा काठ टाळमृदंगाने दुमदुमून जातो. तुळजापुराहून तेथे कीर्तनसेवेस जाण्याचा आमचा जुना परिपाठ आहे. काही वर्षांपूर्वी काकांचेच आख्यान लावले होते. तान्हे बाळ चिखलात तुडवले गेले, पुढे विठ्ठलाची शपथ मोडली म्हणून काकांनी स्वतःचे हात तोडले, आणि पंढरीत नामदेवांच्या कीर्तनात ते हात पुन्हा फुटले, बाळही रांगत आले. आरती झाल्यावर एका वृद्ध माउलीने आम्हास थांबवून विचारले की, काकांनी हात तोडले ते प्रायश्चित्त, पांडुरंगाने हात दिले ती कृपा. मग काका सुटले ते कशाने? आम्ही काहीतरी सांगून वेळ मारून नेली. परतीच्या वाटेवर मात्र त्या प्रश्नाने आमचा पिच्छा सोडला नाही, आणि आठवण झाली ती पंडिता रमाबाईंची. ५ एप्रिल, हा त्यांचा स्मृतिदिनही चैत्राच्याच आसपास येतो.

यात्रेच्या पानावर धर्मांतर केलेल्या बाईचे चरित्र कशास, असे काही वाचकांच्या मनात येईल. धर्मांतर आम्हास रुचत नाही, हे आरंभीच सांगून टाकतो. परंतु रमाबाई आमच्याच व्यवसायातील होत्या. व्यासपीठावरून पुराण सांगून त्यांच्या कुटुंबाने पोट भरले, आणि पाप कशाने धुतले जाते हा प्रश्न त्यांनी जन्मभर जितक्या निकराने विचारला तितका आम्हा पुराणिकांपैकी फार थोड्यांनी विचारला असेल.

त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे व्युत्पन्न. पत्नी लक्ष्मीबाई हिला त्यांनी संस्कृत शिकवले, म्हणून उडुपीच्या पंडितांपुढे त्यांना आपली बाजू शास्त्राधारे मांडावी लागली. पुढे सह्याद्रीतील गंगामूळच्या अरण्यात त्यांनी आश्रम थाटला. तेथेच २३ एप्रिल १८५८ रोजी रमाबाईंचा जन्म झाला. पहाटे आईजवळ बसून त्यांनी भागवत मुखोद्गत केले. संपत्ती आटली तेव्हा हे कुटुंब तीर्थयात्रेस निघाले ते कायमचेच. क्षेत्री पुराण सांगावे, मिळेल त्यावर राहावे, उरेल ते दान करावे, असा क्रम वर्षानुवर्षे चालला. दक्षिणेतील दुष्काळात वडील, आई आणि थोरली बहीण अन्नावाचून गेली. ज्यांनी सगळी व्रते केली, सगळी तीर्थे पाहिली, त्यांच्या वाट्याला हे आले. रमाबाईंच्या मनात येथे पहिला तडा गेला, असे त्यांच्या आत्मकथनावरून दिसते.

भाऊ श्रीनिवास याच्यासह पायी उत्तर हिंदुस्थान हिंडत १८७८ मध्ये त्या कलकत्त्यास पोचल्या. वय अवघे वीस. तेथील विद्वानांनी परीक्षा घेऊन त्यांना पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. गौरवाबरोबर एक कामही आले. पडद्यातील स्त्रियांना धर्मशास्त्राप्रमाणे स्त्रीधर्म सांगावा, असे सुचवण्यात आले, म्हणून त्या धर्मग्रंथ वाचू लागल्या. अनेक बाबतींत परस्परांशी भांडणाऱ्या त्या ग्रंथांचे एका गोष्टीवर एकमत त्यांना आढळले. स्त्री ही स्वभावतः पापमय, आणि पतिसेवेवाचून तिला स्वतंत्र गती नाही. आम्ही येथे वाद घालू शकतो. मैत्रेयी आहे, जनाबाई आहे, मुक्ताबाई आहे. पण त्या तरुणीच्या हाती जे ग्रंथ दिले गेले त्यांत तिला हेच दिसले, आणि ते दाखवणारे आपणच होतो.

१८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी विवाह केला, आणि १८८२ च्या आरंभी पटकीने पतीही गेले. कडेवर मनोरमा ही लहान मुलगी. पुण्यास येऊन त्यांनी आर्य महिला समाज स्थापला, ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक लिहिले, आणि १८८३ मध्ये इंग्लंड गाठले.

तेथे त्या वाँटेज गावी सेंट मेरी मठाच्या भगिनींकडे उतरल्या. या भगिनींनी लंडनच्या फुलहॅम भागात चालवलेले आश्रयगृह त्यांनी पाहिले. वाट चुकलेल्या स्त्रिया तेथे मायेने सांभाळल्या जात, त्यांना माणसांत परत आणले जाई. आपल्याकडे अशा स्त्रीला विहीर किंवा बाजार, हेच दोन मार्ग. रमाबाईंना ख्रिस्ताकडे ओढले ते कोणा पाद्र्याच्या युक्तिवादापेक्षा या दृश्याने अधिक. युक्तिवादाची बाजू सांभाळली ती नीळकंठशास्त्री गोरे यांनी. काशीत वाढलेले हे महाराष्ट्रीय पंडित १८४८ मध्ये ख्रिस्ती झाले होते. त्यांच्या लेखनाने रमाबाईंच्या उरल्यासुरल्या शंका दूर केल्या. २९ सप्टेंबर १८८३ रोजी मायलेकींनी बाप्तिस्मा घेतला.

येथे थोडे थांबावे लागेल, कारण खरी कथा येथून सुरू होते. ख्रिस्ती धर्मात पाप आणि तारण यांविषयी दोन मोठ्या वाटा आहेत. रोमन कॅथलिक मताप्रमाणे माणूस आदिपापासह जन्मतो. बाप्तिस्म्याच्या जलसंस्काराने ते धुतले जाते. पुढे घडलेले घोर पाप धर्मगुरूपुढे उच्चारावे, पश्चात्ताप करावा, गुरूने ईश्वराच्या नावे क्षमा द्यावी आणि नेमून दिलेले प्रायश्चित्त आचरावे. कृपा संस्कारांच्या पाटातून वाहते आणि माणसाने तिला सत्कर्माने साथ द्यायची असते. जर्मनीत पापाचा दंड माफ करणारी पत्रे द्रव्य घेऊन दिली जाऊ लागली, तेव्हा १५१७ मध्ये मार्टिन ल्यूथर या मठवासी पंडिताने त्याविरुद्ध आवाज उठवला. त्यातून निघालेल्या प्रॉटेस्टंट मताप्रमाणे माणूस निर्दोष ठरतो तो केवळ श्रद्धेने. सत्कर्म हे त्या श्रद्धेचे फळ, मूल्य नव्हे. देव आणि पापी यांच्यामध्ये ख्रिस्तावाचून मध्यस्थ नको आणि शास्त्र प्रत्येकाने स्वतः वाचावे. कृपेवाचून सुटका नाही, हे दोघांनाही मान्य. भांडण आहे ते कृपा कोणत्या वाटेने येते याचे. आमच्या श्रीवैष्णवांतही असा वाद झालाच. माकडीचे पिल्लू आईला घट्ट धरते, मांजरीच्या पिल्लाला आईच तोंडात धरून नेते. जीव यांपैकी कोणासारखा? दृष्टान्त तंतोतंत जुळत नाही, पण दिशा कळते. युरोपात या वादापायी रक्ताचे पाट वाहिले. पुढे ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी जर्मनीतील ऑग्सबुर्ग येथे कॅथलिक आणि ल्यूथरपंथी यांनी या विषयावरील मूलभूत एकमताच्या निवेदनावर सह्या केल्या. पावणेपाचशेहून अधिक वर्षे त्यात गेली. असो.

वाँटेजच्या भगिनी इंग्लंडच्या प्रॉटेस्टंट म्हणवणाऱ्या चर्चमधीलच, पण त्यातील ज्या पक्षाचा कल कॅथलिक आचाराकडे, त्या पक्षातील. मठ, आज्ञापालन, पापनिवेदन, बिशपचा अधिकार, सारे तेथे होते. रमाबाईंचे तेथे जमेना. त्रैक्याचा सिद्धान्त त्यांच्या बुद्धीला पटेना. मुलग्यांना त्यांनी शिकवावे की नाही हे हिंदुस्थानातील बिशपांनी ठरवावे, याचा त्यांना संताप आला. क्रूसावरील लॅटिन अक्षरांवरून तर त्यांनी सरळ विचारले की, लॅटिनमध्ये आमच्या संस्कृताहून अधिक असे काय आहे? ब्राह्मणांना संस्कृत देववाणी वाटते, तसेच तुमचे लॅटिनविषयी आहे की काय? हे वाचताना आम्हास हसू आले आणि, खोटे का बोला, अभिमानही वाटला. त्यांची मार्गदर्शक भगिनी जेराल्डिन यांच्याशी झालेला हा सर्व पत्रव्यवहार महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९७७ मध्ये प्रसिद्ध केला आहे. शास्त्राची एक चौकट मोडून आलेली बाई दुसऱ्या चौकटीत मुकाट्याने बसेल, अशी अपेक्षा धरणाऱ्यांनी अनंतशास्त्र्यांची मुलगी ओळखलीच नव्हती.

अमेरिकेचा प्रवास करून आल्यावर ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढले. पुढे ते पुण्यास नेले. मुलींना ख्रिस्ती करण्याच्या आरोपावरून १८९३ मध्ये जे वादळ उठले, त्यात रानडे आणि भांडारकर यांनीही संस्थेशी संबंध तोडला. पण या वर्षांत त्यांच्या अंतरी निराळेच वादळ चालू होते. बाप्तिस्म्याने पाप धुतले गेले असे सांगितले होते, मग मनास शांती का नाही? आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, ख्रिस्त मिळाला नाही, असे त्यांना वाटू लागले. अशा वेळी विल्यम हॅस्लम या इंग्रज पाद्र्याचे आत्मचरित्र त्यांच्या हाती आले. १८५१ मध्ये स्वतःच्याच प्रवचनात उभे असताना या धर्मगुरूला प्रथम आपल्या तारणाची खूण पटली होती. संस्कार झाला म्हणजे हृदय पालटले असे नव्हे, हे रमाबाईंना उमगले. जसे आहोत तसे, काही न कमावता, स्वतःला ख्रिस्ताच्या हाती टाकायचे, या निश्चयास त्या आल्या.

नियतीची गंमत पाहा. नीळकंठशास्त्री गोरे श्रद्धेवर भर देणाऱ्या मिशनऱ्यांकडे बाप्तिस्मा घेऊन हळूहळू संस्कार आणि मठ यांच्या वाटेकडे वळले. रमाबाई त्या वाटेने आत शिरून श्रद्धेच्या वाटेने पुढे गेल्या. दोघेही संस्कृत पंडित, आणि दोघांना दोन ठिकाणी विसावा मिळाला.

१८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून शेकडो निराधार मुली, स्त्रिया आणून केडगावी ठेवल्या. स्वतःच्या कुटुंबाची उपासमार पाहिलेल्या त्या डोळ्यांना स्वस्थ बसवले नाही. त्या वसाहतीला नाव दिले ते ‘मुक्ती’. परक्या धर्मात जाऊनही हा शब्द त्यांनी आपल्या घरातूनच नेला. १९०५ मध्ये तेथे मोठी जागृती झाली. मुली ओक्साबोक्शी रडत आपापली पापे उघड बोलू लागल्या. धर्मगुरूच्या कानात नव्हे, सर्वांदेखत. वाँटेजमध्ये नकोसे झालेले पापनिवेदन केडगावात असे मध्यस्थावाचून परत आले. मनोरमेने पुढे आमच्या जिल्ह्याला लागून असलेल्या गुलबर्ग्यास मुलींची शाळा काढली, तेव्हा हा सारा मुलूख निजामाचा होता.

उतारवयात रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि मूळ भाषांतून सबंध बायबल मराठीत आणू लागल्या. संस्कृत त्यांच्या जिभेवर नांदत होती, तरी त्यांनी जड संस्कृत शब्द कटाक्षाने टाळले. केडगावच्या अशिक्षित बाईला कोणाला न विचारता कळावे, एवढाच त्यांचा हेतू होता. छपाईही मुक्तीतच, आणि काम करणारे हातही तेथल्याच स्त्रियांचे. २४ जुलै १९२१ रोजी मनोरमा वारली. मातेने काम थांबवले नाही. भाषांतर पुरे करून ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी देह ठेवला. ग्रंथ पूर्ण छापून बाहेर पडला तो १९२४ मध्ये.

यंदा पुन्हा तेरला जाणे आहे. ती माउली भेटली तर तिला ही कथा सांगावी, असे मनात आहे; उत्तर म्हणून नव्हे, तिच्याच प्रश्नापायी घर सोडून निघालेल्या एका बाईची हकीकत म्हणून.