सहा ठिपक्यांचा इंजिनिअर

लुई ब्रेल हे नाव आपण शाळेत जनरल नॉलेजसाठी पाठ केलंय. अंधांची लिपी कोणी शोधली? ब्रेलने. एक मार्क मिळाला, विषय संपला! पण हा माणूस खरं तर आपल्या इंजिनिअरिंगवाल्यांच्या कामाचा आहे.

४ जानेवारी १८०९ रोजी पॅरिसजवळच्या कूव्रे गावी त्याचा जन्म झाला. वडील घोड्यांचे खोगीर-लगाम बनवायचे. तीन वर्षांचा लुई त्यांच्या हत्यारांशी खेळत असताना चामड्याला भोक पाडायची आरी त्याच्या डोळ्यात घुसली. जखम चिघळली, संसर्ग दुसऱ्या डोळ्यातही पसरला आणि पाचव्या वर्षापर्यंत दोन्ही डोळे गेले.

१८१९ मध्ये तो पॅरिसच्या अंध मुलांच्या निवासी शाळेत दाखल झाला. तिथे पुस्तकं होती, पण कशी? नेहमीचीच रोमन अक्षरं जाड कागदावर उठवलेली. पुस्तक उचलायला जड आणि एकेक अक्षर चाचपत वाचायचं. शिवाय मुलांना तसं स्वतः लिहिता येत नव्हतं ते वेगळंच. डोळस माणसांनी डोळ्यांना सोपं वाटेल असं डिझाईन केलं होतं आणि वापरायचं मात्र बोटांनी!

१८२१ च्या सुमारास चार्ल्स बार्बिए या माजी लष्करी अधिकाऱ्याची ठिपक्यांची पद्धत शाळेत आली. ठिपके बोटाला चटकन कळतात, हे लुईने हेरलं. पण बारा ठिपक्यांची खूण बोटाच्या टोकाखाली मावत नव्हती आणि खुणा उच्चारांच्या असल्याने स्पेलिंगला जागाच नव्हती. लुईने ठिपके सहावर आणले: उभे तीन, आडवे दोन. दोनाचा सहावा घात ६४, कोरी जागा सोडली तर ६३ खुणा. अक्षरं, विरामचिन्हं, आकडे, पुढे संगीतसुद्धा त्यात बसलं. १८२४ मध्ये हे जमलं तेव्हा त्याचं वय होतं पंधरा! १८२९ मध्ये त्याने ते पुस्तकरूपाने मांडलं.

पुढे तो त्याच शाळेत शिक्षक झाला, चर्चमध्ये ऑर्गनही वाजवायचा. पण लिपीला मान्यता मिळेना. डोळस शिक्षकांना ती वाचता येत नव्हती, हीच तक्रार! मधे काही काळ तिच्यावर बंदीही आली. मुलं चोरून वापरत राहिली (हॉस्टेलवाल्यांना अधिक सांगायला नको). लुईने १८३९ मध्ये आणखी एक पद्धत काढली. तिच्यात नेहमीच्या अक्षरांचे आकार ठिपक्यांनी उठवता येत, म्हणजे अंध माणसाचं पत्र घरच्यांनाही वाचता येई. ६ जानेवारी १८५२ रोजी क्षयाने तो गेला, वय ४३. शाळेने त्याची लिपी अधिकृतपणे स्वीकारली ती दोन वर्षांनी, १८५४ मध्ये.

भारतात १९५१ मध्ये भारती ब्रेल ठरली. तिच्यात मराठीचा क आणि तमिळचा क यांना तेच दोन ठिपके आहेत.

आज हेच ठिपके कॉम्प्युटरला जोडायच्या ब्रेल पट्टीवर पिनांच्या रूपात वर-खाली होतात, नाहीतर स्क्रीन रीडर मजकूर बोलून दाखवतो. पण मजकूर असेल तरच ना! एखाद्या दुकानाच्या वेबसाइटवर 'विकत घ्या' हे बटन नुसतं चित्र असेल आणि त्याला मजकुराचं लेबल नसेल, तर अंध गिऱ्हाईक तिथेच अडकतं. फॉर्ममधली चूक फक्त लाल रंगाने दाखवली, तर तिला ती कळतच नाही. माऊसशिवाय मेनू उघडत नसेल, तर हात कापणाऱ्या माणसाचीही तीच गत. पैसे खिशात आहेत, वस्तू हवी आहे, पण दुकानाचं दार बंद! वेबसाइट सर्वांना वापरता यावी म्हणून डब्ल्यूथ्रीसीचे नियम १९९९ पासून आहेत. भारतात २०१६ चा दिव्यांग हक्क कायदाही आहे. तरीही उठवलेल्या अक्षरांची ती जड पुस्तकं आपण वेबवर रोज छापतोच आहोत.

तेव्हा प्रोजेक्टचा डेमो देण्याआधी एवढं करा. माऊस बाजूला ठेवा, स्क्रीन बंद करा, स्क्रीन रीडर लावा आणि आपल्याच साइटवर एक ऑर्डर पूर्ण करून दाखवा. आणि शक्य असेल तर एखाद्या अंध मित्राला शेजारी बसवा. चुका तो पाच मिनिटांत काढून देईल. पंधरा वर्षांच्या लुईने मोठ्यांच्या डिझाईनमधल्या काढल्या होत्या, तशाच.