विश्लेषण : दोष रक्तात की गोळीत? थॅलिडोमाइडचा छडा लावणारे डॉ. विडुकिंड लेन्झ कोण होते?

जून १९६१. हॅम्बुर्गमधील बालरोगतज्ज्ञ डॉ. विडुकिंड लेन्झ यांना भेटायला एक तरुण वकील आला. त्याच्या बाळाचे हात अपुरे वाढलेले होते. काही आठवड्यांच्या अंतराने त्याच्या बहिणीलाही तसेच व्यंग असलेली मुलगी झाली होती. एकाच घरात दोन बाळे, म्हणजे दोष रक्तातच, असे कोणीही म्हटले असते. लेन्झ तर आनुवंशिकतेचेच अभ्यासक. तरीही पाच महिन्यांत त्यांनी दोष एका झोपेच्या गोळीवर ठेवला.

वडिलांचा वारसा काय होता?

लेन्झ यांचा जन्म १९१९ मधला. वडील फ्रिट्झ लेन्झ हे १९२३ मध्ये म्युनिक विद्यापीठात ‘वंशशुद्धी’ या विषयाचे प्राध्यापक झाले. माणसाचे भले-बुरे सारे रक्तातून येते, या विचाराचे ते मोठे पुरस्कर्ते होते. नाझींच्या वंशवादाला त्यांच्या लेखनाने शास्त्राचा मुलामा दिला. मुलगा आनुवंशिकतेकडेच वळला, पण बालरुग्णांच्या वाटेने. अतिशय लहान डोळे असलेल्या बाळांचा एक आनुवंशिक विकार त्यांनी १९५५ मध्ये नोंदवला. तो आजही त्यांच्या नावाने ओळखला जातो. थोडक्यात, आनुवंशिक दोष कसा दिसतो हे त्यांना पक्के ठाऊक होते.

गोळीवर संशय कसा आला?

नेमके हेच ज्ञान कामी आले. जनुकीय दोष दोन-तीन वर्षांत देशभर पसरत नाही. इथे मात्र असंबंधित कुटुंबांत, थोरली भावंडे धडधाकट असताना, एकाच प्रकारची व्यंगे दिसू लागली होती. लेन्झ घरोघरी गेले. आयांना आहार, आजार, औषधे, सारे विचारले. नोव्हेंबरमध्ये एक नाव वारंवार पुढे आले : कॉन्टरगन. थॅलिडोमाइड असलेली ही गोळी ऑक्टोबर १९५७ पासून जर्मनीत मिळत होती, तीही चिठ्ठीशिवाय. गरोदर स्त्रियाही ती बिनधास्त घेत. झोपेची साधी गोळी म्हणून अनेकींनी तिचा उल्लेखच केला नव्हता.

१५ नोव्हेंबर १९६१ रोजी लेन्झ यांनी ग्रुनेंथाल या उत्पादक कंपनीला फोन करून गोळी मागे घ्यायला सांगितले. कंपनी राजी नव्हती. कायदेशीर कारवाईची भाषाही झाली. तीन दिवसांनी ड्युसेलडॉर्फच्या डॉक्टरांच्या सभेत त्यांनी संशय जाहीर केला. २६ तारखेला वृत्तपत्रात बातमी आली आणि दुसऱ्याच दिवशी विक्री थांबली. पुढच्या वर्षी अशी बाळे जन्मणे झपाट्याने कमी झाले. यापेक्षा स्पष्ट पुरावा तो कोणता? जपानमध्ये मात्र विक्री सप्टेंबर १९६२ पर्यंत सुरूच राहिली. जगभरात सुमारे दहा हजार बाळांना या औषधाचा फटका बसला.

मग जनुकांचा संबंधच नव्हता का?

होता, पण वेगळ्या जागी. गर्भधारणेनंतर साधारण २० ते ३६ दिवस हा सर्वांत धोक्याचा काळ. अनेकींना तेव्हा दिवस गेल्याचेही कळलेले नसते. या दिवसांत माणसाच्या गर्भाला जी गोळी घातक ठरली, ती उंदरांना जवळपास निरुपद्रवी होती. सशांमध्ये मात्र तशीच व्यंगे दिसली.

याचे उत्तर २०१० मध्ये मिळू लागले. जपानी संशोधकांनी दाखवले की थॅलिडोमाइड पेशीतल्या सेरेब्लॉन या प्रथिनाला चिकटते. कोणती प्रथिने मोडीत काढायची यावर खूण करणाऱ्या यंत्रणेचा हा भाग. औषध चिकटले की निवड बिघडते आणि हातापायांच्या वाढीला लागणारे ‘सॅल-४’ हे प्रथिनही मोडीत निघते, असे २०१८ मध्ये स्पष्ट झाले. उंदरांच्या सेरेब्लॉनमध्ये एक अमिनो आम्ल वेगळे आहे, त्यांचे सॅल-४ही थोडे वेगळे आहे. जनुकातला एवढासा फरक त्यांना वाचवतो. चाचणीसाठी निवडलेला प्राणीच फसवा असेल, तर ‘सुरक्षित’ या शिक्क्याला काय अर्थ?

पुढे लेन्झ यांचे काय झाले?

ग्रुनेंथालच्या अधिकाऱ्यांवरील खटला १९६८ मध्ये उभा राहिला. लेन्झ यांनी साक्ष दिली, पण ते पीडितांच्या बाजूचे आहेत असे ठरवून न्यायालयाने त्यांना तज्ज्ञ म्हणून बाजूला केले. डिसेंबर १९७० मध्ये खटला निकालाविनाच बंद झाला. कंपनीने दहा कोटी मार्क भरपाई मान्य केली होती. लेन्झ पीडितांसाठी जपानमध्येही साक्षीला गेले. दरम्यान १९६५ पासून ते म्युन्स्टर विद्यापीठात मानवी आनुवंशिकतेचे प्राध्यापक होते.

फेब्रुवारी १९९५ मध्ये त्यांचे निधन झाले. आठ वर्षांनी, २००३ मध्ये, थॅलिडोमाइडचे बळी म्हणून नोंदलेल्या काही जणांची जनुके तपासली गेली. त्यांच्या सॅल-४च्या जनुकातच बिघाड निघाला. हातांचे व्यंग तसेच, पण कारण गोळी नव्हे.