एकट्या ‘टेक’ला १३४ अर्थ देणारा माणूस, ज्याने इंग्रजीला वेसण घालायचा नाद सोडला

गिव्ह म्हणजे देणं. अप म्हणजे वर. मग गिव्ह अप म्हणजे काय? वर देणं? नाही, हार मानणं.

पुट म्हणजे ठेवणं. पण पुट ऑफ केलं की काम पुढे ढकललं जातं, पुट आऊट केलं की आग विझते आणि पुट अप विथ म्हटलं की निमूटपणे सोसणं आलं. क्रियापद तेच, मागचा छोटासा शब्द बदलला की अर्थ कुठल्या कुठे जातो. यालाच म्हणतात फ्रेजल व्हर्ब. मराठी मीडियमच्या पोरांना इंग्रजीच्या पेपरात घाम फोडणारा प्रकार.

आता यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही. कारण ज्या माणसाने इंग्रजीची सगळ्यात गाजलेली डिक्शनरी लिहिली, त्यालाही याच शब्दांनी जेरीस आणलं होतं. त्याचं नाव सॅम्युएल जॉन्सन.

जॉन्सनचा जन्म १७०९ सालचा, इंग्लंडमधल्या लिचफिल्ड गावातला. वडील पुस्तकं विकायचे, पण धंदा बेताचा. लहानपणीच त्याला गंडमाळेचा आजार झाला. चेहऱ्यावर व्रण राहिले, नजर कायमची अधू झाली. पुस्तकं मात्र घरातच होती, त्यामुळे वाचनाचं वेड लागलं ते लागलंच.

१७२८ साली तो ऑक्सफर्डला गेला. हुशारी होती, पैसा नव्हता. जेमतेम वर्षभरात डिग्री न घेताच घरी परतावं लागलं. पुढे १७३५ मध्ये त्याने एलिझाबेथ पोर्टर या वयाने बऱ्याच मोठ्या असलेल्या विधवेशी लग्न केलं. तिच्या पैशातून शाळा काढली. विद्यार्थी बोटावर मोजण्याइतके. शाळा बुडाली. मग १७३७ मध्ये त्याच शाळेतल्या डेव्हिड गॅरिक या विद्यार्थ्यासोबत त्याने लंडन गाठलं. गॅरिक पुढे इंग्लंडचा सगळ्यात मोठा नट झाला. जॉन्सन मात्र मासिकांसाठी पानं भरून पोट भरत राहिला.

१७४६ साली लंडनच्या काही प्रकाशकांनी एकत्र येऊन त्याच्याशी करार केला. मोबदला १,५७५ पौंड, काम इंग्रजीची मोठी डिक्शनरी. जॉन्सनने सांगितलं, तीन वर्षांत देतो. तिकडे फ्रान्समध्ये अख्ख्या अकादमीला याच कामासाठी अर्धशतकाहून जास्त काळ लागला होता. इथे एक माणूस आणि हाताखाली सहा मदतनीस.

लंडनच्या गॉफ स्क्वेअरमधल्या घराच्या माळ्यावर काम सुरू झालं. पद्धत साधी होती. जॉन्सन पुस्तकं वाचायचा, उपयोगी वाक्यांतल्या शब्दाखाली रेघ मारायचा आणि मदतनीस ते वाक्य कागदाच्या चिठ्ठीवर उतरवून घ्यायचे. म्हणजे अर्थ मनाने ठरवायचा नाही, लोकांनी तो शब्द कसा वापरलाय ते बघून ठरवायचा.

गाडी अडली ती इथेच. १७४७ मध्ये जाहीर केलेल्या आराखड्यात जॉन्सनला भाषा स्थिर करायची होती. प्रत्येक शब्दाच्या अर्थांची ठरावीक क्रमाने मांडणी करायची होती. पण चिठ्ठ्या जमत गेल्या तसे अर्थ त्या चौकटीत मावेनात. अभ्यासकांच्या मते, त्यामुळे त्याला सुरुवातीचं बरंचसं हस्तलिखित बाजूला टाकून नव्याने मांडणी करावी लागली.

आधीच्या अनेक डिक्शनऱ्यांचा भर अवघड शब्दांवर असायचा. जॉन्सनला कळलं की अवघड शब्द सोपे असतात, त्यांना एखाददुसरा अर्थ असतो. खरे अवघड असतात ते टेक, पुट, सेट, कम असे रोजचे शब्द. एकट्या ‘टेक’चे त्याने १३४ अर्थ नोंदवले. ते छापायला मोठ्या आकाराची पाच पानं लागली.

प्रस्तावनेत त्याने या जोडक्रियापदांवर वेगळं लिहिलं. इंग्रजी शिकणाऱ्या परक्या माणसाला सगळ्यात जास्त त्रास यांचाच होतो, हे त्याने तिथे मान्य केलं. उदाहरणंही दिली. सेट आऊट म्हणजे प्रवासाला निघणं, सेट ऑफ म्हणजे शोभा वाढवणं, ब्रेक ऑफ म्हणजे अचानक थांबणं. टेक ऑफचा त्याने दिलेला अर्थ आहे नक्कल करणं. विमान यायला अजून दीडशे वर्षं होती! यातले काही अर्थ मूळ शब्दांपासून इतके दूर गेलेत की ते तिथवर कसे पोहोचले हे शोधणंही अवघड, असं त्याचं म्हणणं होतं. म्हणून आपण ते खास काळजीने गोळा केले, पण यादी पूर्ण झाल्याचा दावा करता येत नाही, हेही त्याने सांगून टाकलं.

या सगळ्यात तीन वर्षांची जवळपास नऊ झाली. १७५२ मध्ये बायको गेली. ज्या लॉर्ड चेस्टरफिल्डला उद्देशून आराखडा लिहिला होता, त्याने वर्षानुवर्षं विचारपूस केली नाही आणि पुस्तक येणार म्हटल्यावर कौतुकाचे लेख लिहिले. जॉन्सनने त्याला पत्र लिहून सुनावलं.

१५ एप्रिल १७५५ ला डिक्शनरी आली. ४२ हजारांहून जास्त शब्द, एक लाखाहून जास्त उदाहरणं. पहिल्या आवृत्तीच्या २,००० प्रती निघाल्या. प्रस्तावनेत जॉन्सनने कबुली दिली की भाषा स्थिर करण्याची आपली आशा फोल होती. बोलणारे आहेत तोवर भाषा बदलणारच, कुठलीही डिक्शनरी तिला डांबून ठेवू शकत नाही.

नाव झालं, पण पैसे कामातच संपले होते. पुढच्याच वर्षी सहा पौंडांपेक्षा कमी कर्जासाठी त्याला अटक झाली. कादंबरीकार सॅम्युएल रिचर्डसनने पैसे पाठवले तेव्हा सुटका झाली. १७६२ मध्ये राजाने वर्षाला ३०० पौंडांचं पेन्शन सुरू केलं, तेव्हा कुठे पोटाची चिंता मिटली. १३ डिसेंबर १७८४ ला तो गेला. लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये त्याला पुरण्यात आलं.

जॉन्सनच्या काळात या जोड्यांना फ्रेजल व्हर्ब हे नाव नव्हतं. ते रूढ झालं लोगन पीअरसॉल स्मिथच्या १९२५ च्या पुस्तकानंतर. हे नाव आपल्याला ऑक्सफर्ड डिक्शनरीचे संपादक हेन्री ब्रॅडली यांनी सुचवलं, असं स्मिथने नोंदवलंय.

आणि हा घोळ फक्त इंग्रजीत आहे असंही नाही. आपण ‘बोललो’ म्हणतो आणि ‘बोलून बसलो’ही म्हणतो. दुसऱ्यात कुणी खाली बसत नाही, फक्त पस्तावा असतो. ‘देऊन टाकलं’ म्हणताना काही फेकलेलं नसतं. इंग्रजी क्रियापदाला अप, ऑफ, आऊट जोडते, मराठी दुसरं क्रियापदच जोडते. हे आपल्याला कुणी शिकवलेलं नाही, ऐकून ऐकून आलंय. जॉन्सननेही शेवटी तेच केलं. नियम लादायचे सोडून लोक काय म्हणतात ते ऐकलं आणि लिहून ठेवलं. त्यामुळे फ्रेजल व्हर्बची यादी पाठ होत नसेल, तर ती पाठ करत बसण्यापेक्षा वाक्यात भेटेल तशी टिपून ठेवलेली बरी.