हेमाद्रीपंत आणि संगणकावरची मोडी

देवगिरीच्या यादवांचे श्रीकरणाधिप हेमाद्री ऊर्फ हेमाडपंत यांचे नाव महाराष्ट्रात घरोघरी पोहोचले ते दगडी देवळांमुळे. चुन्याशिवाय दगडावर दगड बसवून उभारलेली मंदिरे आजही हेमाडपंती म्हणून ओळखली जातात. त्यांच्या नावाशी जोडला गेलेला दुसरा वारसा म्हणजे मोडी लिपी. सातशे वर्षांनंतर याच लिपीने संगणकाच्या युगात प्रवेश केला आहे.

वत्सगोत्री ब्राह्मण घराण्यातील कामदेवांचे हे पुत्र. महादेव यादव (१२६१ ते १२७१) आणि त्यानंतर रामदेवराव यांच्या राजवटीत राज्याच्या लेखनविभागाची सूत्रे त्यांच्या हाती होती. व्रत, दान, तीर्थ आदी विषयांवरील ‘चतुर्वर्गचिंतामणी’ हा त्यांचा प्रचंड संस्कृत ग्रंथ. त्यातील व्रतखंडाच्या आरंभीची राजप्रशस्ती यादवांच्या वंशावळीसाठी इतिहासकारांना मोलाची ठरली. वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदया’वर त्यांनी ‘आयुर्वेदरसायन’ ही टीका लिहिली. व्याकरणकार बोपदेवांना आश्रय दिला. महानुभाव परंपरेत मात्र त्यांच्याविषयी कटू स्मृती आहेत.

हिशेब, सनदा आणि पत्रे झपाट्याने लिहिता यावीत म्हणून हेमाद्रींनी मोडी प्रचारात आणली, अशी परंपरा सांगते. ही लिपी त्यांनी लंकेहून आणल्याची आख्यायिकाही आहे. अभ्यासकांचा कल मात्र ती नागरीच्या जलद लेखनातून क्रमाने घडली असे मानण्याकडे आहे. आधी पानभर आडवी रेघ ओढायची आणि बोरू शक्यतो न उचलता तिच्याखाली अक्षरे गुंफत जायची, ही तिची रीत. ऱ्हस्व-दीर्घाचा काटेकोरपणा नाही, शब्दांत अंतर नाही, विरामचिन्हेही नाहीत. शिवकाळात बाळाजी आवजी चिटणीसांनी तिला डौल दिला आणि पेशवाईत तिच्या वळणांना बहर आला.

हाताला सोपी असलेली ही गुंफण छापखान्याला मात्र अवघड गेली. बंगालमधील श्रीरामपूरच्या मिशन छापखान्यात एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मोडीचे खिळे पाडले गेले; पण महाराष्ट्रातील मुद्रणाने बाळबोधच स्वीकारली. विसाव्या शतकाच्या मध्यास मोडी शाळांतून आणि कचेऱ्यांतून जवळजवळ हद्दपार झाली.

त्याची किंमत मराठवाड्याला चांगलीच ठाऊक आहे. १९४८ पर्यंत हा प्रदेश निजामाच्या राज्यात होता. सरकारी भाषा उर्दू असली, तरी अनेक जुन्या नोंदी मोडीत राहिल्या. २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीकडे कुणबी नोंदींच्या शोधाचे काम आले, तेव्हा मोडी आणि उर्दू जाणणाऱ्यांची निकड साऱ्या राज्याला कळली. नांदेड जिल्ह्यातील मुदखेडसारख्या तालुक्यातील कुटुंबालाही पणजोबांच्या नावाची एक ओळ जातीच्या दाखल्याचा आधार ठरू शकते. ती ओळ वाचणाराच नसेल, तर कागद असूनही नसल्यासारखा.

जून २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युनिकोडच्या ७.० आवृत्तीत मोडीची ७९ चिन्हे समाविष्ट झाली. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला आणि मात्रेला जगभर एकच ठरावीक क्रमांक मिळतो. मोडीत मात्रा लागली की अक्षराचे रूपच बदलते. ते रूप घडवण्याचे काम फाँटचे. पूर्वी देवनागरी फाँटच्या अक्षरांच्या जागी मोडीची चित्रे बसवली जात. फाँट बदलला की मजकूर देवनागरी होई. आता मोडीत टंकलेला मजकूर मोडी म्हणूनच साठवता, शोधता आणि पाठवता येतो. जुने कागद यंत्राकडून वाचून त्यांची मोडी प्रत साठवायची, तरी पाया हाच.

मात्र क्रमांक मिळाल्याने दप्तरातील रुमाल आपोआप वाचले जात नाहीत. त्यासाठी मोडी शिकलेली माणसे हवीत. हेमाद्रींच्या नावाने ओळखली जाणारी देवळे आपण जपतो. त्यांच्याच नावाशी जोडलेली लिपी जपायची, तर ती वाचावी लागेल.