डॉ. हेन्री बीचर

शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णाची लेखी संमती घेण्याची चाल आपल्या परिचयाची आहे. परंतु ज्याच्यावर नवा उपचार अजमावून पाहावयाचा, त्याला तसे आधी सांगितले पाहिजे, ही साधी गोष्ट वैद्यकसंशोधनात रुजावयास फार काळ लागला. ती रुजविण्यात ज्यांचा मोठा वाटा आहे, अशा एका अमेरिकन डॉक्टरांचा परिचय आम्ही येथे करून देत आहोत.

हेन्री बीचर यांचा जन्म १९०४ साली कॅन्सस राज्यात झाला. घराण्याचे आडनाव निराळे होते. बीचर हे नाव त्यांनी तरुणपणी स्वतःच धारण केले. रसायनशास्त्राचा अभ्यास करून ते हार्वर्ड विद्यापीठात वैद्यक शिकले, १९३२ मध्ये डॉक्टर झाले आणि पुढे बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये भूल देण्याच्या शाखेचे प्रमुख बनले. ईथरची भूल देऊन केलेली शस्त्रक्रिया १८४६ साली जगाने पाहिली ती याच इस्पितळात.

दुसऱ्या महायुद्धात ते उत्तर आफ्रिका व इटलीच्या आघाड्यांवर होते. मोठमोठ्या जखमा झालेले सैनिकही वेदनाशामक औषध क्वचितच मागतात, हे पाहून त्यांना नवल वाटले. वेदना केवळ जखमेवर अवलंबून नसते, मनाचाही तीत भाग असतो, असे त्यांनी मांडले. औषधाचा अंश नसलेल्या गोळीनेही काही रुग्णांना आराम वाटतो, या विषयावरील त्यांचा १९५५ चा लेख फार गाजला. औषधाची खरी परीक्षा माणसांवर तुलनात्मक प्रयोग करूनच होते, असे मानणाऱ्यांपैकी ते होते. म्हणूनच त्यांनी पुढे जे केले त्याला वजन आले.

१६ जून १९६६ रोजी ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये त्यांचा लेख प्रसिद्ध झाला. त्याआधी दुसऱ्या एका नामांकित नियतकालिकाने तो नाकारला होता आणि व्यवसायबंधूंनी त्यांच्या मतांवर उघड टीकाही केली होती. लेखात २२ प्रयोगांची हकीकत होती. संशोधकांची नावे त्यांनी दिली नाहीत. व्यक्तींना दोष देणे हा हेतू नव्हता. दुखणे सर्वत्र पसरले आहे, हे दाखवावयाचे होते. मतिमंद मुलांना मुद्दाम काविळीचा संसर्ग करण्यात आला होता. वृद्ध रुग्णांना, कशाचे इंजेक्शन आहे हे न सांगता, कर्करोगाच्या जिवंत पेशी टोचण्यात आल्या होत्या.

यांतील विषमज्वराचे उदाहरण आम्हांस विशेष अस्वस्थ करते. धर्मार्थ उपचार घेणाऱ्या ४०८ गरीब रुग्णांपैकी २५१ जणांना क्लोरॅम्फेनिकॉल हे गुणकारी ठरलेले औषध मिळाले. त्यांतील २० दगावले. उरलेल्या १५७ जणांना ते दिलेच नाही. त्यांतील ३६ मरण पावले. आमच्या विद्यार्थ्यांनी त्रैराशिक मांडून पाहावे. औषध मिळते तर दगावले नसते असे सुमारे २३ जीव निघतात, आणि बीचर यांनीही हाच आकडा दिला आहे.

लेखाने खळबळ उडाली. पुढे १९७२ मध्ये अलाबामातील उपदंशाच्या कृष्णवर्णीय रुग्णांना वर्षानुवर्षे उपचारांवाचून ठेवल्याचे उघडकीस आले आणि १९७४ मध्ये अमेरिकेत कायदा होऊन माणसांवरील प्रयोग आधी समितीने तपासण्याचे बंधन आले. गंमत अशी की, बीचर यांचा स्वतःचा भरवसा नियमांपेक्षा विवेकी, जाणत्या डॉक्टरावर अधिक होता. आम्हांस ते पटत नाही. ते २२ प्रयोग करणारेही नामांकित संस्थांतले जाणते डॉक्टरच होते!

बीचर यांच्या चरित्रालाही एक काळी बाजू आहे. १९५० नंतरच्या वर्षांत त्यांनी लष्कराच्या पैशावर मन भ्रमिष्ट करणाऱ्या औषधांचे प्रयोग केले होते. ही हकीकत त्यांच्या मृत्यूनंतर पुष्कळ वर्षांनी चर्चेत आली. त्या अनुभवातूनच १९६६ चा लेख उपजला काय, याविषयी अभ्यासकांत एकमत नाही.

१९६८ मध्ये, हृदय चालू असूनही मेंदू कायमचा निकामी झालेला माणूस मृत मानावा काय, या प्रश्नासाठी हार्वर्डने नेमलेल्या समितीचे ते अध्यक्ष होते. समितीने होकार दिला. मेंदूच्या मृत्यूची कल्पना आपल्याकडे १९९४ च्या अवयवरोपणाच्या कायद्याने मान्य झाली. ते पाहावयास बीचर नव्हते. १९७६ च्या जुलैत त्यांचे निधन झाले होते.