पाषाणातील शंकू

चीड आणि देवदार या वृक्षांना फुले येत नाहीत. त्यांच्या फांद्यांवर लाकडी खवल्यांचे शंकू धरतात आणि बी फळात न दडता त्या खवल्यांवर उघडेच वाढते. असे वृक्ष कोट्यवधी वर्षांपूर्वी भारतात कोठे उभे होते, याचा शोध दगडांत घेणारे शास्त्रज्ञ म्हणजे बिरबल साहनी.

त्यांचा जन्म १४ नोव्हेंबर १८९१ रोजी पंजाबातील भेरा या गावी झाला. हे गाव आता पाकिस्तानात आहे. वडील रुचिराम साहनी लाहोरला रसायनशास्त्र शिकवीत आणि सुट्टीत मुलांना घेऊन हिमालयात पायी हिंडत. मुलाने विलायतेस जाऊन सनदी सेवेत शिरावे, अशी त्यांची इच्छा होती. आज्ञाच असेल तर ती पाळू, परंतु आपली ओढ वनस्पतिशास्त्राकडे आहे, असे बिरबलांनी नम्रपणे सांगितले. वडिलांनी आग्रह सोडला आणि १९११ साली बिरबल केंब्रिजला गेले.

तेथे प्राध्यापक सीवर्ड यांच्या हाताखाली ते शिकले. शंकुवृक्षांच्या दूरच्या नात्यातील गिंको या झाडाची बीजांडे तपासताना त्यांना आत भलत्याच झाडाचे पराग आढळले. वाऱ्याने आणलेले हे पाहुणेच! मग दगड झालेल्या बीजात सापडलेले पराग त्याच वनस्पतीचे, असे तरी कसे मानावे? ही सावधगिरी त्यांनी जन्मभर सोडली नाही.

१९२१ साली ते लखनौ विद्यापीठात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक झाले. दगडाचा काप उजेड आरपार जाईल इतका पातळ घासावयाचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली पेशी न्याहाळावयाच्या, असे हे चिकाटीचे काम. नागपूरजवळच्या टाकळीच्या परिसरात आज चीड-देवदार रानात औषधालाही सापडत नाहीत. परंतु तेथील सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या थरांत अश्मीभूत शंकू मिळाले होते. त्यांपैकी एकाला साहनींनी १९३१ साली गावावरून ‘टाकलीओस्ट्रोबस’ हे नाव दिले. पुढे राजमहाल टेकड्यांतील निपानिया गावच्या दगडांत लाकूड, पाने आणि मांसल शंकू सुटे सुटे मिळाले. हे सारे एकाच लुप्त वनस्पतिगटाचे अवयव आहेत, असे त्यांनी १९४८ साली मांडले आणि त्या गटाला ‘पेंटॉक्सिली’ असे नाव दिले.

१९३६ साली ते लंडनच्या रॉयल सोसायटीचे सदस्य झाले होते. तरीही केवळ या अभ्यासासाठी भारतात एक स्वतंत्र संस्था असावी, हा ध्यास सुटला नव्हता. तिच्या इमारतीची कोनशिला ३ एप्रिल १९४९ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते बसली. ७७ जीवाश्म जडविलेली ती शिला साहनींनी स्वतः सिद्ध केली होती. अवघ्या सात दिवसांनी, १० एप्रिलला, हृदयविकाराने त्यांचे निधन झाले.

भिंती अजून उठावयाच्या होत्या. पत्नी सावित्रीबाईंनी तो भार उचलला आणि १९५३ साली लखनौत ती इमारत खुली झाली.